कष्ट आपण होऊन शोधावे काय?

पहांटेच्या वेळीं मुंबईंतील लालबाग, परळ किंवा दादर या भागांतून कोणी चालत गेला, तर हल्लीं त्याच्या दृष्टीस एक गोष्ट पडते. कांहीं स्त्रीपुरुष खास पोशाख करून रस्त्याच्या कडेनें धांवत असतात. त्यांना कोणतीही गाडी गांठावयाची नसते, कोणी त्यांच्या पाठीस लागलेलें नसतें, आणि धांवून झाल्यावर ज्या दारांतून निघाले त्याच दारांत ते परत येतात. २००४ सालापासून मुंबईंत मॅरेथॉन नांवाची शर्यत भरूं लागली. तींत सुमारें ४२ किलोमीटर धांवण्यासाठीं लोक महिनेच्या महिने तयारी करितात व पदरचे पैसेही भरितात. याच रस्त्यांवरून साठ-सत्तर वर्षांपूर्वीं याच वेळीं हजारों माणसें झपाझप पावलें टाकीत जात असत. गिरणीचा भोंगा होण्यापूर्वीं त्यांना फाटकाच्या आंत पोंहोंचावयाचें असे. घाम दोघांचाही सारखाच. पण एकाला तो पोटासाठीं गाळावा लागला, आणि दुसरा तो पैसे देऊन गाळितो.

या दुसऱ्या प्रकारच्या माणसास विचारिलें कीं, बाबा, हें कशासाठीं? तर तो बहुधा असें सांगेल: माणूस सुखांत राहिला कीं तो थांबतो; ज्याला वाढावयाचें असेल त्यानें अवघड तेंच मुद्दाम हातीं घ्यावें; रोज एक तरी नकोशी गोष्ट करावी, म्हणजे मन बळकट होतें. ही शिकवण आतां शहरांपुरती राहिलेली नाहीं. ती गांवांतील तरुणांच्याही कानीं गेली आहे, आणि त्यांपैकीं कोणी आपल्या शिक्षकास किंवा उपदेशकास विचारील कीं, ही गोष्ट खरी आहे काय? कष्ट आपण होऊन शोधावे काय? प्रश्न लहान दिसतो, परंतु त्याचें उत्तर चुकलें तर दोन प्रकारचें नुकसान होतें. सुखवस्तु माणूस आपल्या खेळालाच साधना समजूं लागतो. आणि गरिबाला कोणी तरी सांगतें कीं, तुझे हाल हेंच तुझें भाग्य आहे. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करूं या.

प्रथम या शिकवणींत जें खरें आहे तें मान्य केलें पाहिजे. जो मनुष्य जें जें नकोसें तें तें टाळीत जातो, त्याचें जग दिवसेंदिवस लहान होत जातें. आज तो अनोळखी माणसाशीं बोलण्याचें टाळितो, उद्यां नवीन काम टाळितो, परवां खरें बोलण्याचें टाळितो; आणि शेवटीं ज्या चार गोष्टींची त्याला संवय आहे, त्या चार भिंतींतच तो कोंडून राहतो. कोंकणांतील शेतकऱ्याला हें सांगावयास नको. भाताचीं रोपें प्रथम तो एका लहानशा वाफ्यांत दाट वाढवितो. तेथें तीं हिरवींगार व टवटवीत दिसतात. पण तशींच राहूं दिलीं तर त्यांना चांगल्या लोंब्या येत नाहींत. म्हणून तो तीं उपटतो, जुड्या बांधतो आणि चिखल केलेल्या मोठ्या शेतांत दूरदूर लावितो. पहिले कांहीं दिवस रोप मलूल दिसतें. मग तें मूळ धरितें आणि त्याला फुटवे येतात.

परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शेतकरी रोप उपटतो तें त्याला दुःख व्हावें म्हणून नव्हे. ज्या शेतांत तें जावयाचें आहे तें त्यानें आधीं नांगरून, पाणी साठवून तयार ठेविलेलें असतें. उपटणें हा लावणीचा एक भाग आहे. नुसतें उपटणें म्हणजे लावणी नव्हे. जो रोप उपटून बांधावर टाकितो व म्हणतो कीं, पाहा, मीं याला कसें कणखर केलें, त्याला आपण शेतकरी म्हणणार नाहीं. तेव्हां कष्टांविषयीं पहिला प्रश्न असा विचारावा कीं, हे कष्ट मला कोणत्या मोठ्या शेतांत नेत आहेत?

आतां दुसरी बाजू पाहूं. कष्टांनीं माणूस आपोआप चांगला होतो, असें पुष्कळांना वाटतें. तसें असतें तर मुंबईच्या गिरणगांवासारखें संतांचें गांव दुसरें कोठेंही झालें नसतें. तेथील साचेखात्यांत मागांचा खडखडाट इतका असे कीं, शेजाऱ्याचें बोलणें ओठांच्या हालचालीवरून ओळखावें लागे. सूत तुटूं नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेविली जाई. काम संपल्यावर परतावयाचें तें चाळींतील एका खोलीकडे, जेथें अनेक माणसें पाळीपाळीनें निजत. असे हाल सोसणाऱ्या माणसांत बंधुभाव, विनोद, एकमेकांस धरून राहण्याची वृत्ति यांची वाण नव्हती. ती त्यांची थोरवी निर्विवाद आहे. १९२८ सालीं तेथील गिरणीकामगारांनीं सुमारें सहा महिने संप चालविला, आणि उपासमार सोसूनही ते एकजुटीनें राहिले.

परंतु त्याच साचेखात्याची दुसरीही एक हकीकत आहे. धोट्यांतील कांडी संपली कीं नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोंकांतून तोंडानें ओढून घ्यावा लागे. एकाचें तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या हातीं जाई. एवढ्या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यांत शिरकाव मिळत नसे. आणि तेथील मजुरी तर इतर पुष्कळ खात्यांहून अधिक असे. परळच्याच एका चाळींत अनेक वर्षें राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्या मोठ्या संपाच्या काळांत हा प्रश्न उघडपणें संपाच्या पुढाऱ्यांपुढें मांडिला होता.

या गोष्टीचा अर्थ काय? जीं माणसें उष्णता, गोंगाट, रात्रपाळी, उपास हीं सर्व सोशीत होतीं, त्यांपैकीं पुष्कळांना शेजाऱ्याच्या ओठांचा स्पर्श झालेला एक धागा सोसवला नाहीं. शरीराचे कष्ट त्यांना शिकविण्याचें कारण नव्हतें; त्यांत ते पारंगत होते. जो अवघडपणा त्यांना खरोखर मोठें करिता, तो अगदीं हाताशीं होता, लहान होता, फुकट होता. आणि तोच त्यांनीं नाकारिला. यावरून दोन गोष्टी निघतात. एक ही कीं, कष्ट सोसण्याचा अभ्यास एका ठिकाणीं केला म्हणून तो दुसऱ्या ठिकाणीं उपयोगीं पडतोच असें नाहीं. आणि दुसरी ही कीं, ज्या अडचणीपासून आपलें मन सर्वांत अधिक मागें सरतें ती बहुधा शरीराची नसून मानाची असते. थंड पाण्यानें स्नान करणें सोपें आहे. ज्याला आपण कमी लेखितों त्याच्या घरचें पाणी पिणें अवघड आहे.

लालबागेंतच कष्टांचा तिसरा एक प्रकार पाहावयास मिळतो. तेथील बाजारास कायमची जागा मिळावी असा नवस कोळी व इतर विक्रेते यांनीं केला होता. तो पुरा झाला म्हणून १९३४ सालीं तेथें सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, असें सांगतात. आज त्या उत्सवांत नवसाची एक निराळी रांग लागते, आणि तींत लोक कित्येक तास, क्वचित् दिवसाहूनही अधिक वेळ, उभे असतात. कांहीं अनवाणी आलेले असतात. त्यांच्या श्रद्धेची थट्टा करणें आम्हांस शोभणार नाहीं. ज्याच्या मुलाचें दुखणें बरें झालें आहे त्याच्या डोळ्यांतील पाणी खोटें नसतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, येथें कष्ट हें फेडीचें नाणें आहे. मला अमुक मिळालें किंवा मिळावें, म्हणून मी इतकें सोसतों, असा हा व्यवहार आहे. व्यवहार प्रामाणिक असूं शकतो; पण त्याच्या शेवटीं माणूस जसा आला तसाच परत जातो, कारण बदल होण्यासाठीं तो आलेलाच नसतो. आणि हा व्यवहार केवळ एका धर्माच्या लोकांत आहे असें समजून कोणी निश्चिंत होऊं नये. चाळीस दिवसांच्या उपासकाळांत मांस सोडून जो घरोघर तें सांगत फिरतो, आणि भावाशीं धरलेला अबोला मात्र सोडीत नाहीं, तोही त्याच रांगेंत उभा आहे. पहांटे धांवून आल्यावर किती धांवलों याचा आंकडा जो दहा जणांस दाखवितो, त्यालाही फेड हवी आहे. ती त्याला लोकांच्या तोंडून लागलीच मिळते, आणि तेथेंच त्याचा हिशेब संपतो.

मग कष्ट शोधून वाढलेला मनुष्य कोठें पाहावा? त्यासाठीं गिरगांवाहून परळपर्यंतची वाट पाहावी. विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म १८७३ सालीं जमखंडी येथें एका मराठा कुटुंबांत झाला. पुण्यास शिक्षण घेऊन १९०१ सालीं ते ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजांत धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासासाठीं गेले, आणि १९०३ सालीं परत आल्यावर मुंबईच्या प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. गिरगांवांतील समाजमंदिर, सुशिक्षित श्रोते, व्याख्यानें, उपासना, ग्रंथवाचन असें त्यांचें आयुष्य सुखानें गेलें असतें, आणि त्याला कोणी नांव ठेविलें नसतें. परंतु १८ ऑक्टोबर १९०६ रोजीं त्यांनीं परळ भागांत अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं एक शाळा उघडली, आणि तिच्याबरोबरच निराश्रित साह्यकारी मंडळीचें काम सुरू झालें. सर नारायण चंदावरकर या मंडळीचे अध्यक्ष होते. शिंदे यांच्या भगिनी जनाबाई यांनींही या सेवेस स्वतःला वाहून घेतलें.

गिरगांवापासून परळ फार दूर नाहीं. पण त्या काळीं त्या दोन वस्त्यांमध्यें जें अंतर होतें तें कोसांनीं मोजतां येत नव्हतें. शिंद्यांना आपल्या जातीच्या लोकांचा रोष सोसावा लागला. पुढें त्याहून कठीण गोष्ट घडली: ज्यांच्यासाठीं त्यांनीं आयुष्य वेंचिलें त्यांच्यापैकीं कित्येक पुढाऱ्यांशीं, विशेषतः स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर, त्यांचे तीव्र मतभेद झाले. उपकाराची परतफेड मिळत नाहीं एवढेंच नव्हे, तर आपल्यावांचून त्या लोकांस स्वतःचा आवाज आहे, आणि तो आपल्याविरुद्धही निघूं शकतो, हें सेवकास पाहावें लागतें. सेवकाच्या मनाची अशी कसोटी घेणारा दुसरा प्रसंग नाहीं. १९३० सालीं सविनय कायदेभंगाच्या चळवळींत त्यांनीं कारावासही भोगिला. १९४४ सालीं ते वारले.

आतां या चरित्राकडे पाहून आपण विचारूं या: शिंदे कष्ट शोधीत होते काय? नाहीं. ते मुलें शोधीत होते. कष्ट त्यांना वाटेवर भेटले, आणि ते भेटतील हें ठाऊक असूनही त्यांनीं वाट बदलली नाहीं. हाच या प्रश्नाचा गाभा आहे असें आम्हांस वाटतें. जो कष्टच शोधितो, त्याचें लक्ष शेवटपर्यंत स्वतःवर राहतें: मी किती सोसलें, मी किती बळकट झालों. जो दुसऱ्या कोणास शोधावयास निघतो, तो कष्टांत स्वतःस विसरतो. आणि माणसाची वाढ बहुतकरून अशा विसराच्या वेळींच होत असते.

याच विचाराचें दुसरें उदाहरण नागपाड्यास सांपडतें. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्सहार्ट यांनीं १९२७ सालीं तेथें ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ ही संस्था सुरू केली. गरीब वस्तीची सेवा दुरून न करितां शिकलेल्या माणसानें त्या वस्तींतच शेजारी म्हणून राहावें, ही कल्पना १८८४ सालीं लंडनच्या पूर्व भागांत टॉयन्बी हॉल या संस्थेनें प्रत्यक्षांत आणिली होती. नागपाड्याचें काम त्याच वळणाचें होतें. याच कामांतून १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजसेवेचें शिक्षण देणारी शाळा निघाली, जी आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. शेजारी राहिल्यावर जें दिसतें तें भेट देऊन जाणाऱ्यास दिसत नाहीं: नळावर पाणी किती वाजतां येतें, कोणत्या घरांत रात्रीं रडणें ऐकूं येतें, कोण कोणास गुपचूप मदत करितो. मॅन्सहार्टांच्या कामापासून पुढें एक विद्या निघाली, कारण ते प्रथम शिकावयास तयार झाले.

तथापि, अशा रीतीनें गरिबांत जाऊन राहणाऱ्यानें एक गोष्ट कधींही विसरूं नये. त्याच्या खिशांत परतीचें तिकीट असतें. त्याला ताप आला तर तो चांगल्या दवाखान्यांत जाईल. कंटाळा आला तर बदली मागेल. त्याच्या शेजाऱ्याला तशी सोय नसते. म्हणून आपण होऊन घेतलेले कष्ट आणि माथीं पडलेले कष्ट हे कधींही एक नव्हेत. जो म्हणतो कीं, मीं दोन वर्षें तुमच्याप्रमाणेंच दिवस काढिले, तो चांगल्या मनानें असत्य बोलतो. आपण होऊन कष्ट घेणाऱ्याला यांतून नम्रता शिकावी लागते. ती शिकला तरच त्याच्या त्या दोन वर्षांचें चीज झालें.

वऱ्हाडाच्या शेजारीं, चांदा जिल्ह्यांतील वरोरा येथील हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. तरी या प्रश्नासाठीं ती पुन्हां सांगण्याजोगी आहे. मुरलीधर देवीदास आमटे हे तेथें वकिली करीत. भंग्यांचें दुःख समजावें म्हणून त्यांनीं स्वतः मैला वाहून नेण्याचें कामही केलें. आपण कोणत्याही गोष्टीस भीत नाहीं अशी त्यांची समजूत होती. एके दिवशीं पावसांत रस्त्याच्या कडेला तुळशीराम नांवाचा महारोगी मरणोन्मुख अवस्थेंत पडलेला त्यांनीं पाहिला. त्याचीं बोटें झडलीं होतीं, जखमांत किडे पडले होते. तें पाहून ते भयानें घराकडे पळाले. त्यांना झोंप आली नाहीं. रोगाचें भय त्यांना जितकें टोंचलें त्याहून हें अधिक टोंचलें कीं, जेथें भय आहे तेथें प्रेम नाहीं. ते परत गेले, त्या माणसास अन्न दिलें, त्याच्यावर आडोसा केला. पुढें त्यांनीं कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेंत या रोगाचें शिक्षण घेतलें, आणि रोगजंतूंच्या प्रयोगासाठीं स्वतःचें शरीरही देऊं केलें. १९४९ सालीं महारोगी सेवा समितीची स्थापना झाली, आणि तींतून आनंदवन उभें राहिलें. बाबा आमटे २००८ सालीं वारले.

या हकीकतींत एक बारीक भेद आहे, तो वाचकांनीं पाहावा. मैला वाहणें हेंही कठीण होतें. पण तें काम त्यांना जमत होतें, आणि जें जमतें त्यांत मनुष्य आपणांस शूर समजतो. ज्या कष्टानें त्यांचें आयुष्य पालटलें तो त्यांनीं योजिलेला नव्हता. तो त्यांच्या पळण्यांतून त्यांना कळला. तेव्हां ज्याला खरोखर वाढावयाचें असेल त्यानें अवघड गोष्टींची यादी करीत बसूं नये. आपण कोठून पळालों हें आठवावें. कोणाच्या दारावरून जातांना आपलीं पावलें लवकर पडतात? कोणाचें नांव निघालें कीं आपण बोलणें बदलितों? तेथें आपलें काम आहे. महारोगापुरतें बोलावयाचें तर आतां शरीरास भय उरलेलें नाहीं. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याचा उपचार सुचविला, आणि त्या उपचारानें हा रोग सहा महिन्यांत ते वर्षभरांत बरा होतो. तरी बऱ्या झालेल्या माणसाजवळ बसण्यास लोक अजून कचरतात. औषध शरीराचें निघालें. मनाचें ज्यानें त्यानें घ्यावयाचें आहे.

आतां एका कठीण गोष्टीकडे वळलें पाहिजे, कारण ती बोलल्यावांचून हा विचार अपुरा राहील. जो कष्ट पत्करितो, त्याचे कष्ट फेडतो कोण? रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें नांव आपल्या मंडळ्यांस प्रिय आहे. १८९५ सालीं मुंबईंत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१७ सालीं मिशनच्या नोकरीचा आधार सोडून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. आणि १९१९ सालीं मुंबईंतच ते वारले. त्यांची वैराग्यवृत्ति खरी होती. परंतु लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालीं, तीं ज्यानें वाचिलीं आहेत त्याला या वैराग्याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. पति न सांगतां निघून जाई. घरांत पैसा राहत नसे. आणि बाप्तिस्म्यानंतर तर पतिपत्नींचा कित्येक वर्षें वियोग झाला. पतीनें जो मार्ग आनंदानें घेतला, त्याचे कांटे पुष्कळ वेळां पत्नीच्या पायांत मोडले, आणि तिला कोणी विचारिलें नव्हतें. लक्ष्मीबाईंनीं हें सर्व हंसतखेळत सांगितलें, ही त्यांची थोरवी. पण तेवढ्यावरून प्रश्न सुटत नाहीं. आपण घेतलेल्या कष्टांचा भार न विचारतां दुसऱ्याच्या डोक्यावर गेला, तर त्यागाचें पुण्य एकाचें आणि त्याग मात्र दुसऱ्याचा, असें होतें. उपदेशकहो, सेवेच्या उत्साहांत घरीं कोण उपाशी राहतें, कोण आजारी मुलापाशीं एकटें जागतें, हें आधीं पाहा. तिची संमति घेऊन उचललेलें ओझें दोघांचेंही होतें.

आणि लक्ष्मीबाईंच्याच चरित्रांत खऱ्या वाढीचाही एक दाखला आहे. पतीच्या घरीं परत आल्यावर आरंभीं त्यांनीं आपलें सोंवळें वेगळें राखिलें होतें. लहानपणापासून अंगांत मुरलेली ती गोष्ट एका दिवसांत जाण्याजोगी नव्हती. पण हळूहळू त्यांचें मन विचार करूं लागलें, आणि तो भेद गळून पडला. यासाठीं त्या कोठें दूर गेल्या नाहींत, त्यांनीं देह दंडिला नाहीं. आपल्याच चुलीजवळ, पाण्याच्या हंड्याजवळ त्यांनीं तो अवघडपणा सोसला. पुढें परक्यांचीं पोरकीं मुलें त्यांनीं आपलीं मानिलीं, त्या मोठ्या अंतःकरणाची वाट त्या हंड्यापासून सुरू झाली होती.

आतां, प्रिय वाचकहो, तुम्हांपैकीं बहुतेक जण खेड्यांत राहणारे आहांत. तुम्हांस कष्टांची वाण नाहीं. पाऊस न आल्यास काय होतें, सावकाराच्या दारांत किती वेळ उभें राहावें लागतें, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन किती चालावें लागतें, हें तुम्हांस कोणी शिकवावयास नको. तुम्हांस कोणी सांगितलें कीं, वाढीसाठीं आणखी हाल शोधा, तर त्याचें ऐकूं नका. ज्या हालांचें निवारण करितां येतें त्यांचें निवारण करणें हाच धर्म आहे. विहीर खणतां येत असतां तहान सोसण्यांत थोरवी नाहीं; औषध मिळत असतां दुखणें अंगावर काढण्यांत श्रद्धा नाहीं; आणि नवरा मारीत असतां तिनें गप्प राहण्यास सहनशीलता म्हणणें हें तर पाप आहे. दुबळ्याला सोसण्याचा उपदेश करणें फार सोपें असतें, कारण उपदेश करणाऱ्याला कांहीं सोसावें लागत नाहीं.

पण म्हणून हा प्रश्न गरिबांचा नाहींच, असेंही नव्हे. साचेखात्याची गोष्ट पुन्हां मनांत आणा. शरीरानें सर्व सोसणाऱ्या माणसापुढेंही एखादा लहानसा धागा असतो, जो त्याला सोसवत नाहीं. आपल्या मंडळ्यांत तसे धागे नाहींत काय? निरनिराळ्या जातींतून आलेलीं कुटुंबें एका मंदिरांत जमतात, पण बांकें वेगळीं राहतात. सोयरीक करावयाची वेळ आली कीं, जी जात आपण सोडली असें म्हणतों ती हळूच दारांतून आंत येते. एका गल्लींतला वडील दुसऱ्या गल्लींत प्रार्थनेस जात नाहीं. साठ वर्षांच्या आजोबांना नातीपाशीं बसून अक्षरें गिरविण्याची लाज वाटते. मंडळीच्या पैशांचा हिशेब सर्वांपुढें वाचून दाखविण्यास हिशेबनीस कचरतो, आणि तो मागण्यास इतर कचरतात. उपदेशकाला चार तास बोलणें कठीण जात नाहीं. पण ज्या म्हाताऱ्या बाईचें म्हणणें त्याला पटत नाहीं, तें मध्यें न बोलतां अर्धा तास ऐकणें त्याला कठीण जातें. यांतील एकाही गोष्टीला पैसा लागत नाहीं, कोणी टाळ्या वाजवीत नाहीं, आणि घरच्या कोणाच्याही तोंडचा घांस जात नाहीं. आणि या गोष्टी अवघड नाहींत असें ज्याला वाटत असेल त्यानें त्यांपैकीं एक करून पाहावी.

तेव्हां आरंभीच्या प्रश्नाचें उत्तर आम्ही असें देतों. कष्ट कष्टांसाठीं शोधूं नयेत. जो धांवतो त्यानें खुशाल धांवावें. शरीर निरोगी राहणें चांगलें आहे, पण त्याला आत्म्याची उन्नति म्हणूं नये. माणूस शोधावा, काम शोधावें, सत्य शोधावें. आणि त्या वाटेवर आपल्याला नकोसें वाटणारें कांहीं आडवें आलें तर वळसा घालूं नये. तें नकोसें आपल्याच मानाचें आहे, कीं दुसऱ्याच्या पोटाचें, हें मात्र आधीं तपासावें. आपला मान जात असेल तर जाऊं द्यावा, दुसऱ्याचें पोट जाऊं देऊं नये.

आणि हा लेख मंडळींत वाचून दाखविणाऱ्या उपदेशकांस एक विनंति आहे. वाचून झाल्यावर लागलीच प्रार्थनेस सुरुवात करूं नका. थोडा वेळ सर्वांना शांत बसूं द्या, आणि आपण कोणाच्या दारावरून लवकर पावलें टाकीत जातों याचा ज्याचा त्यानें विचार करावा. उत्तर कोणीही मोठ्यानें सांगूं नये. येत्या शनिवारच्या आंत त्या दारीं एकदां जाऊन यावें, आणि घरच्यांनीं बसा म्हटलें तर बसावें; त्यांनीं पुढें केलेलें पाणी प्यावें.